‘स्विच ऑफ इट’ का चालत नाही? : वाचकांचे प्रश्न, इंग्रजीची उत्तरं

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतायत. ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ ही सर्वनामं इंग्रजी वाक्यात नेमकी कुठं बसवायची, आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘बॅक’, ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’ हे शब्द त्यांच्या आधी येतात की नंतर? शब्द सगळ्यांना येतात, अडतं ते जागेवर. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

नमस्कार बाई, मी उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. बाहेरच्या कस्टमरशी इंग्रजीत बोलायला लागतंय. परवा फोनवर मी ‘प्लीज स्विच ऑफ इट’ म्हणालो तर आमचा नवा इंजिनियर पोरगा म्हणतोय, सर ‘स्विच इट ऑफ’ म्हणा. खरं मग ‘स्विच ऑफ द मशीन’ बरोबर आहे की! मशीन चालतंय आणि इट चालत नाही, हे कसं काय?
एक वाचक, अनगोळ

दादा, पोराचं बरोबर आहे आणि तुमची शंका तर फारच चांगली आहे, कारण शाळेत हे कुणी सांगतच नाही. ‘स्विच ऑफ द मशीन’ चालतं, ‘स्विच द मशीन ऑफ’ पण चालतं, ‘स्विच इट ऑफ’ चालतं, फक्त ‘स्विच ऑफ इट’ चालत नाही. चारपैकी एकच चुकीचं आणि नेमकं तेच आपल्या तोंडात येतं.

कारण असं आहे की इंग्रजीत वाक्याचा शेवट ही वजनाची जागा असते. ऐकणाऱ्याला जे नवीन सांगायचंय, ज्यावर जोर द्यायचाय ते शेवटी येतं. मराठीत ही वजनाची जागा बहुतेक वेळा क्रियापदाच्या अगदी आधी असते. ‘अण्णानं पैसे दिले’ आणि ‘पैसे अण्णानं दिले’ ही दोन वाक्यं म्हणून बघा, दुसऱ्यात कुणी दिले ते ठसठशीत होतं, कारण ‘अण्णानं’ हा शब्द ‘दिले’ला चिकटून आला. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नाही, घरात ऐकून ऐकूनच येतं.

आता ‘इट’ म्हणजे काय, तर ज्याच्याविषयी आधीच बोलणं झालंय ती वस्तू. मशीन कुठलं ते दोघांना माहीत आहे म्हणूनच तर ‘इट’ म्हटलं. म्हणजे त्या शब्दात नवीन काहीच नाही, मग त्याला शेवटची वजनाची जागा देऊन करायचं काय? आणि ‘ऑफ’मध्ये मात्र सगळा अर्थ भरलाय, कारण नुसतं ‘स्विच इट’ म्हटलं तर बंद करायचं की चालू करायचं हेच कळत नाही. म्हणून हलकं ‘इट’ मधे दबून बसतं आणि ‘ऑफ’ शेवटी ठणकावून येतं. ‘द मशीन’ म्हटलं की त्या शब्दाला स्वतःचं वजन असतं, म्हणून तो मधेही चालतो आणि शेवटीही.

हेच उलट बाजूनंही खरं आहे बरं का. कोल्हापूरहून काल आलेलं मशीन बंद कर असं सांगायचं असेल तर ‘स्विच ऑफ द मशीन दॅट केम फ्रॉम कोल्हापूर यस्टर्डे’ असंच सांगायचं, कारण एवढं लांबलचक मधे घालून शेवटी एकटं ‘ऑफ’ ठेवलं तर ऐकणारा तोवर दमतो. हलकं मधे, जड शेवटी. आणि ‘धिस वन’, ‘दॅट वन’ असं बोट दाखवून म्हणत असाल तर ‘स्विच ऑफ दॅट वन’ चालतं, कारण तिथं अनेकांतलं एक निवडून दाखवलंय, म्हणजे त्याला वजन आलं.

तुमच्या कामात हीच जोडी रोज लागणार. ‘फिल इन द फॉर्म’ पण ‘फिल इट इन’, ‘सेंड बॅक द कास्टिंग’ पण ‘सेंड इट बॅक’, ‘पिक अप द बॉक्सेस’ पण ‘पिक देम अप’. कस्टमरला उलटा फोन करणार असाल तर ‘आय विल कॉल यू बॅक’, ‘कॉल बॅक यू’ नाही. हे शेवटचं तर तुम्ही आत्ताही बरोबरच म्हणत असाल, कारण ते सारखं कानावर पडतं. म्हणजे नियम तुमच्या कानात आहेच, तो फक्त बाकीच्या शब्दांनाही लावायचा.

बाई, माझी मुलगी खानापूरला मराठी शाळेत आहे, यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी. तिला मी तुमच्या सदरातलं वाचून सांगते. तिचं म्हणणं, ‘पिक इट अप’ म्हणायचं तर मग ‘लुक इट आफ्टर’ पण म्हणायला पाहिजे. खरं पुस्तकात ‘लुक आफ्टर इट’ आहे. आता तिला काय सांगू?
एक आई, खानापूर

ताई, लेकीला आधी शाबासकी द्या. ‘पिक इट अप’वरून तिनं स्वतःचं वाक्य बनवून बघितलं आणि ते पुस्तकाशी का जुळत नाही म्हणून विचारलं, याच वाटेनं व्याकरण येतं.

उत्तर तिच्या मराठीच्या पुस्तकातच आहे. क्रियाविशेषण अव्यय आणि शब्दयोगी अव्यय हे दोन्ही तिनं शिकलेत. ‘तो वर चढला’ यातलं ‘वर’ क्रियाविशेषण, ते चढण्याविषयी सांगतं. ‘तो झाडावर चढला’ यातलं ‘वर’ शब्दयोगी, ते झाडाला चिकटलंय आणि झाडाला सोडून एक पाऊलही जाणार नाही. शब्द एकच, काम दोन. आत, बाहेर, मागं, पुढं, खाली या सगळ्यांचं असंच. तिला शाळेत कन्नडही असणार, तर तिथलं ‘मेले’ आठवायला सांगा, ‘मेले होद’ म्हणजे वर गेला आणि ‘मरद मेले’ म्हणजे झाडावर, तिथंही तीच गोष्ट.

इंग्रजीतले हे छोटे शब्द असेच दुहेरी कामाचे आहेत. ‘पिक इट अप’मधलं ‘अप’ क्रियाविशेषण आहे, उचलण्याची दिशा सांगतं, ‘इट’शी त्याचा काही संबंध नाही. म्हणून ‘इट’ मधे शिरू शकतं. ‘लुक ॲट इट’मधलं ‘ॲट’ मात्र शब्दयोगीसारखं आहे, ‘ॲट इट’ म्हणजे ‘त्याच्याकडं’. आपण ‘कडं त्याच्या’ म्हणत नाही, तसंच ते ‘इट ॲट’ म्हणत नाहीत. फरक एवढाच की आपलं शब्दयोगी नामाच्या मागून चिकटतं आणि त्यांचं पुढून. ‘लुक आफ्टर इट’मधलं ‘आफ्टर’ याच जातीचं, ‘वेट फॉर मी’मधलं ‘फॉर’ पण, ‘रन इंटू हिम’मधलं ‘इंटू’ पण.

ओळखायचं कसं? एक मजेची जोडी सांगते. येळ्ळूरचा राजहंसगड तुम्ही पाहिला असेल. पोरगा त्या टेकडीवर पळत गेला, ‘ही रॅन अप द हिल’. दुसरा पोरगा हॉटेलात मित्रांना घेऊन गेला आणि त्यानं मोठं बिल करून ठेवलं, ‘ही रॅन अप अ बिग बिल’. वरून दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. आता सर्वनाम घाला. टेकडीचं ‘ही रॅन अप इट’ होतं आणि बिलाचं ‘ही रॅन इट अप’ होतं. टेकडीच्या वाक्यात ‘वर’ टेकडीला चिकटलंय, टेकडीवर. बिलाच्या वाक्यात बिलावर कुणी चढलेलं नाही, तिथं ‘अप’ क्रियापदाचं आहे, बिल वाढवत नेलं.

दुसरी खूण कानाची. मोठ्यानं म्हणायला सांगा. ‘पिक इट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर पडतो, ‘लुक ॲट इट’ म्हणताना ‘ॲट इट’ घाईत गिळलं जातं आणि जोर ‘लुक’वर राहतो. बहुतेक वेळा ही खूण उपयोगी पडते.

कधी कधी दोन्ही जातीचे शब्द एकाच क्रियापदाला लागतात, ‘पुट अप विथ इट’ म्हणजे सहन करणं, ‘लुक फॉरवर्ड टू इट’ म्हणजे आतुरतेनं वाट बघणं, ‘रन आउट ऑफ इट’ म्हणजे जवळचं संपणं. यात पहिला छोटा शब्द क्रियाविशेषण, दुसरा शब्दयोगीसारखा, आणि सर्वनाम त्या दुसऱ्याला चिकटून शेवटी. मधे कुठंच शिरत नाही.

आणि तिला अवघड वाटत असेल तर हेही सांगा की 1755 साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढणाऱ्या सॅम्युअल जॉन्सननं प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असे छोटे शब्द लागून अर्थ बदलतो तिथंच परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो. इंग्रजीच्याच पंडिताला हे तेव्हा दिसलं होतं, मग आपल्या पोरीला अडखळायला झालं तर त्यात कमीपणा कसला.

डिक्शनरी बघताना एक सवय लावा. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या चांगल्या डिक्शनरीत ‘पुट समथिंग ऑफ’ आणि ‘लुक आफ्टर समबडी’ असं छापलेलं असतं. ‘समथिंग’ मधे असेल तर सर्वनाम मधे, शेवटी असेल तर शेवटी. अर्थ बघून डिक्शनरी मिटू नका, ‘समथिंग’ कुठं आहे तेही बघा.

बाई, मी निपाणीहून कॉलेजला रोज बसनं येतो. फ्रेंडनं लांबून बस बघितली आणि म्हणाला ‘हिअर कम्स द बस’, मी म्हणालो ‘येस, हिअर कम्स इट’ तर सगळे हसले. त्याचं बरोबर, माझं चूक, असं का हो?
एक विद्यार्थी

हसणाऱ्यांतल्या कितींना कारण सांगता आलं असतं कुणास ठाऊक. तू म्हणायला पाहिजे होतंस ‘हिअर इट कम्स’.

वरच्या फौंड्रीवाल्या दादांना दिलेलं उत्तर तू वाचलं असशील तर तुझं तूच शोधून काढशील. बस आली ही बातमी आहे, म्हणून ‘द बस’ शेवटी गेली, त्यासाठी कर्ता क्रियापदाच्या मागं जाऊन बसला. पण एकदा बस आली हे सगळ्यांनी बघितलं की ती ‘इट’ झाली, आता ती बातमी उरली नाही, मग कर्ता आपल्या नेहमीच्या जागी क्रियापदाच्या आधी परत. ‘देअर गोज द ट्रेन’ पण ‘देअर इट गोज’. ‘आउट वेंट द लाइट्स’ पण ‘आउट दे वेंट’. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर ‘हिअर इज माय टिकेट’ किंवा नुसतं ‘हिअर इट इज’, ‘हिअर इज इट’ नाही. म्हणजे आधी क्रियाविशेषण, मग सर्वनाम, मग क्रियापद, अशी रांग.

एक गोष्ट वेगळी. ‘नेव्हर’, ‘रेअरली’ असे नकाराचे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले की सर्वनामसुद्धा मागं जातं, ‘नेव्हर हॅव आय सीन सच रेन’. ते भाषणात, लेखात शोभतं. बसस्टॉपवर ‘आय हॅव नेव्हर सीन सच रेन’ एवढं पुरे.

नमस्ते मॅडम, मी मूळची चिकोडीची, बेंगळूरला कॉल सेंटरला आहे. ट्रेनर सारखं म्हणतात तुमच्या बेळगावकडच्या मुलींचं ‘ओन्ली’ काढून टाका. ‘आय ॲम हिअर ओन्ली’, ‘टुडे ओन्ली’. मला तर त्यात काही चूक दिसत नाही. आणि हे फक्त आपणच बोलतो का?
एक वाचक भगिनी

फक्त बेळगावकडचं कशाला, भारतभर ठिकठिकाणी बोलतात. पण आपल्याकडं ते जास्त घट्ट का बसलंय याचं कारण मला फार विचार करण्यासारखं वाटतं. मराठीत आपण जोर द्यायला शब्दाच्या शेवटी ‘च’ लावतो, आजच, इथंच, मीच. कन्नडमध्ये शेवटी ‘ए’ येतो, इवत्ते, इल्ले, नाने. म्हणजे सीमाभागातल्या मुलीच्या दोन्ही भाषा तिला एकच सांगतात की जोर द्यायचा तर शब्दाच्या मागं काहीतरी जोडा. तिसरी भाषा बोलायला लागल्यावर ती तेच करते, मागं ‘ओन्ली’ जोडते. यात लाजण्यासारखं काहीही नाही. गावात, ऑफिसमधल्या मैत्रिणींशी, बेंगळूरच्या रिक्षावाल्याशी असं बोललीस तर सगळ्यांना नीट कळतं, तिथं बदलू पण नकोस.

फोनच्या त्या टोकाला इंग्लंड-अमेरिकेतला माणूस असेल तर मात्र नुकसान होऊ शकतं, कारण त्याला वेगळंच ऐकू येतं. तू म्हणतेस ‘यू विल गेट इट टुमॉरो ओन्ली’, तुला म्हणायचंय उद्याच मिळेल, अगदी नक्की. त्याला ऐकू येतं की फक्त उद्याच मिळेल, दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही. तो घाबरून विचारणार की उद्या मी घरी नसलो तर? तिथं ‘यू विल डेफिनेटली गेट इट टुमॉरो’ म्हण. तसंच ‘ही केम यस्टर्डे ओन्ली’चं, त्याला ऐकू येतं की फक्त कालच आला, बाकी कुठल्या दिवशी नाही. आणि ‘ओन्ली यस्टर्डे’ असं पुढं लावलं तर अर्थ पुन्हा बदलतो, आत्ता कालच तर आला, अजून दिवस कुठं झाले, असा.

इंग्रजीत ‘च’चं बरंचसं काम आवाज करतो. ‘आय टोल्ड यू’ म्हणताना ‘आय’वर दाब दिला की झालं ‘मीच सांगितलं’. लिहिताना आवाज नसतो, तिथं ‘इट वॉज मी हू टोल्ड यू’. ‘इथंच’साठी ‘राइट हिअर’, ‘आत्ताच’साठी ‘राइट नाउ’ किंवा ‘जस्ट नाउ’. ‘टुडे इटसेल्फ’ही याच घरातलं, त्याऐवजी ‘लेटर टुडे’ किंवा ‘बाय धिस इव्हनिंग’ असं वेळ धरून सांगितलेलं कस्टमरला जास्त आवडतं.

आणि ‘ओन्ली’ची त्यांची आवडती जागा कुठली, तर क्रियापदाच्या आधी. ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज.’ फक्त दहाच रुपये आहेत, म्हणजे ‘ओन्ली’ दहाचं आहे, तरी बोलताना ते ‘हॅव’च्या आधी जाऊन बसतं आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

मी बेळगावात एका लॉजच्या रिसेप्शनला आहे. फॉरेनरनं कुंदा खाल्ला, मी विचारलं आवडला का, तो म्हणाला ‘आय लव्ह इट’. दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्याच्याकडचं चॉकलेट दिलं आणि विचारलं, मी म्हणालो ‘येस, आय लाइक्ड’. तो पुढं काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखा बघतच राहिला. काय राहिलं?
एक वाचक, कॅम्प

‘इट’ राहिलं. ‘आय लाइक्ड’ म्हटल्यावर तो वाट बघत बसला की काय आवडलं ते आता सांगेल.

आपल्या भाषेत सर्वनाम गाळलं तरी काही अडत नाही. ‘आवडला का?’ ‘आवडला.’ संपलं. कुणाला आवडला, काय आवडलं, दोन्ही गायब आणि तरी सगळं कळलं. ‘आवडला’ असं म्हटल्यावर ती वस्तू पुल्लिंगी, एकवचनी, हे क्रियापदच सांगून टाकतं. ‘आलो’ म्हटलं की मी, ‘आलास’ म्हटलं की तू. कन्नडमध्येही ‘बंदे’, ‘बंद’ असं म्हटलं की मी की तो ते कळतं. इंग्रजीत ‘केम’ म्हटलं तर कोण आलं? मी, तू, ती, सगळा गाव, सगळ्यांना ‘केम’च. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदांना आणि नामांना आपल्यासारखे प्रत्यय होते, ते झिजत झिजत गेले, आता नामाला ‘रामाज’मधला तो ‘चा’चा प्रत्यय आणि अनेकवचनाचा तेवढा उरला. सर्वनामांत मात्र जुनी विभक्ती अजून जिवंत आहे, ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘दे’चं ‘देम’. प्रत्यय गेले तशी जागेची किंमत वाढली, कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही आणि ‘लाइक’सारख्या क्रियापदापुढची कर्माची जागाही नाही. इतकी रिकामी ठेवता येत नाही की पाऊस पडायला लागला तरी ‘इट इज रेनिंग’, उशीर झाला तरी ‘इट इज लेट’. तिथलं ‘इट’ म्हणजे कोण असं विचारू नका, कुणीच नाही, जागा भरायला आलंय.

म्हणून ‘येस, आय लाइक्ड इट’ किंवा नुसतं ‘येस, आय डिड’. फार आवडलं असेल तर ‘आय लाइक्ड इट व्हेरी मच’, आणि हे ‘व्हेरी मच’ क्रियापद आणि कर्म यांच्या मधे घालायचं नाही, ‘आय लाइक व्हेरी मच टी’ नाही, ‘आय लाइक टी व्हेरी मच’. तसंच ‘शी स्पीक्स कन्नडा वेल’. ‘वी एन्जॉइड’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात, तिथं पण ‘वी एन्जॉइड इट’ किंवा ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’ पाहिजे.

आमचे मालक मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, मुलाच्या शाळा सारख्या बदलतात. तो कधी ‘ही ऑल्वेज इज लेट’ लिहितो, कधी ‘ही कम्स ऑल्वेज लेट’. एकच सोपा नियम सांगा.
एक वाचक भगिनी, काकती

ताई, ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘युज्वली’ हे शब्द साध्या क्रियापदाच्या आधी येतात, ‘ही ऑल्वेज कम्स लेट’. ‘इज’, ‘ॲम’, ‘वॉज’ असेल तर त्याच्यानंतर, ‘ही इज ऑल्वेज लेट’. ‘हॅव’, ‘विल’, ‘कॅन’ असा मदतनीस असेल तर मदतनीस आणि मुख्य क्रियापद यांच्या मधे, ‘वी हॅव नेव्हर लिव्ह्ड इन दिल्ली’. परीक्षेला एवढं पुरतं.

मुलाखतीत ‘मायसेल्फ’ म्हणून नाव सांगितलं तर चूक आहे का? आमच्याकडं सगळे तसंच सांगतात.
एक वाचक, बैलहोंगल

‘आय ॲम’ म्हणा आणि नाव सांगा. ‘मायसेल्फ’ला आधी ‘आय’ लागतं, आपल्या ‘स्वतः’ला आधी ‘मी’ लागतो तसंच. ‘आय रिपेअर्ड इट मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतः दुरुस्त केलं, आणि ‘मायसेल्फ’ शेवटी, ‘इट’च्या नंतर. ‘बाय मायसेल्फ’ म्हटलं तर एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय. मुलाखतीत पहिल्याच वाक्याला हे नीट आलं की समोरच्यांचं लक्ष तुमच्या कामाकडं जातं.

बाई, मी संकेश्वर भागात मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. मुलं ‘रिटर्न बॅक’, ‘डिस्कस अबाउट इट’, ‘कोप अप विथ इट’, ‘एक्सप्लेन मी’ असं लिहितात. मोठी माणसंही लिहितात. आणि ‘इट’, ‘देम’ या सर्वनामांच्या जागेच्या गोष्टी आठवीच्या वर्गाला शिकवायच्या कशा? व्याख्या सांगून काही होत नाही.
एक शिक्षक

सर, तुमचा प्रश्न शेवटी घेतला कारण त्यात बाकीच्यांचंही काम होणार आहे.

‘रिटर्न’मध्येच परत आहे, म्हणून ‘रिटर्न इट’ नाहीतर ‘गिव्ह इट बॅक’. आपण ‘परत करणे’ असं दोन शब्दांत म्हणतो म्हणून मुलं दुसरा शब्द शोधतात. ‘डिस्कस’मध्ये ‘विषयी’ आधीच आलंय, ‘वी डिस्कस्ड इट’. ‘कोप विथ इट’, ‘अप’ नको, ते ‘कीप अप विथ’वरून घुसलं असावं असं मला वाटतं. ‘एक्सप्लेन’ला माणूस सरळ चिकटत नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘गिव्ह मी’ यांना चिकटतो, म्हणून मुलं तीच चाल ‘एक्सप्लेन’ला लावतात. चूक का होते ते मुलांना सांगा, नुसती लाल रेघ मारली की तीच चूक पुढच्या वहीत परत येते.

वर्गासाठी माझी पद्धत अशी. बाकावर वस्तू ठेवायच्या, पेन, वह्या, टोपी, डबा. तुम्ही नाम घालून हुकूम द्यायचा, ‘पिक अप द पेन’. मुलानं पेन उचलायचं आणि काय करतोय ते सर्वनाम घालून मोठ्यानं सांगायचं, ‘आय ॲम पिकिंग इट अप’. ‘पुट डाउन द बुक्स’, ‘आय ॲम पुटिंग देम डाउन’. ‘पुट ऑन द कॅप’, ‘आय ॲम पुटिंग इट ऑन’. ‘गिव्ह बॅक हर पेन’, ‘आय ॲम गिव्हिंग इट बॅक टू हर’. शेवटच्या ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘बॅक’वर जोर येतोय का तेवढं ऐकायचं, नियमाचं नावसुद्धा काढायचं नाही. हात आणि तोंड एकदम चालतं म्हणून जागा पक्की होते, आणि मागच्या बाकावरची मुलंही बोलतात, कारण त्यांना नुसतं उभं राहून उत्तर द्यायचं नसतं, हातात काहीतरी असतं.

त्यात दोन वाक्यं नाम घालून दोन्ही पद्धतींनी म्हणून घ्या, ‘टेक ऑफ युवर कॅप’, ‘टेक युवर कॅप ऑफ’, म्हणजे नामाला दोन्ही जागा चालतात हे त्यांच्या लक्षात येईल. मग एखाद्यानं ‘टेक ऑफ इट’ म्हटलं की वर्गातलंच कुणीतरी त्याला थांबवतं.

‘लुक ॲट इट’, ‘लिसन टू हर’, ‘वेट फॉर देम’ ही दुसऱ्या जातीची वाक्यं त्याच दिवशी घेऊ नका, पहिली नीट बसू द्या, मग पुढच्या आठवड्यात फळ्यावर ‘तो वर चढला’ आणि ‘तो झाडावर चढला’ लिहून तिथून सुरुवात करा.